आधी मॉर्फीनचं बोला

मराठवाड्यातल्या जवळपास प्रत्येक आयसीयूत एक छापील कागद असतो. डॉक्टर त्याला 'डामा' म्हणतात, नातेवाईक 'सही देऊन नेणं' म्हणतात. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, आमच्या जबाबदारीवर रुग्णाला घरी नेत आहोत, एवढाच त्याचा मजकूर. सही बहुतेकदा थोरल्या मुलाची नाहीतर जावयाची असते. मग अँब्युलन्स येते. श्वासाची नळी घशात तशीच ठेवतात, तिला हातानं दाबून श्वास देणारी अँब्यू बॅग जोडतात आणि ती मिनिटाला दहा-बारा वेळा कशी दाबायची हे वॉर्डबॉय दोन मिनिटांत दाखवतो. सोबतचा बी टाइप सिलिंडर पूर्ण भरलेला असला तर त्यात साधारण 1500 लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला 10 लिटरनं सोडला तर तो अडीच तास पुरतो. नांदेडहून किनवटला रस्त्यानं तीनेक तास लागतात. हा हिशेब सही करताना कुणी मांडत नाही. वाटेत माणूस गेला तर गेला. घरी पोचला तर बाज टाकलेली असते, तोंडात पाणी घालायला भावकी जमलेली असते, आणि नळी कुणी काढायची यावर सगळं अडून बसतं.

त्या नळीसोबत वेदना थांबवणारं औषध घरी येत नाही. धाप कमी करणारं येत नाही. पुढचे चार तास किंवा चार दिवस काय होईल, घरघर सुरू झाली तर काय करायचं, हे सांगणारं कुणी येत नाही.

इच्छामरणाचा वाद वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर होतो तेव्हा हे दृश्य त्यात नसतं. तिथं इंजेक्शनची चर्चा असते: डॉक्टरांनी द्यावं की नाही, माणसाला मरण मागण्याचा हक्क आहे की नाही. प्रश्न महत्त्वाचाच आहे. पण जीवरक्षक उपचार थांबवण्याचा निर्णय आपल्याकडे आजही होतोच. तो रुग्णाला न विचारता, पैसे संपले म्हणून आणि कुठल्याही औषधाविना होतो. म्हणून या लेखाचं म्हणणं एवढंच की, जो हक्क सर्वोच्च न्यायालयानं आधीच दिलेला आहे तो तालुक्याच्या गावापर्यंत पोचवल्याशिवाय आणि तीव्र वेदना शमवणारं मॉर्फीन दारापर्यंत आणल्याशिवाय मरणाला मदत करण्याचा नवा कायदा इथं आणू नये.

आधी शब्दाचा गुंता. 'इच्छामरण' हा शब्द भीष्माच्या वरदानातून आला. शरपंजरी पडून उत्तरायणाची वाट पाहण्याची मुभा असलेला तो एकटाच. त्याच्यावर दवाखान्याचं बिल नव्हतं आणि सेवा करणाऱ्यांचा रोज बुडत नव्हता. आज आपण त्या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी कोंबतो. डॉक्टरनं प्राण घेण्यासाठी इंजेक्शन देणं ही एक. डॉक्टरनं औषध लिहून द्यायचं आणि रुग्णानं ते स्वतः घ्यायचं ही दुसरी. व्हेंटिलेटर, डायलिसिससारखे निरुपयोगी झालेले उपचार सुरूच न करणं किंवा थांबवणं ही तिसरी. आणि वेदनेवर पुरेसं औषध देणं, मग त्यानं थोडी गुंगी आली तरी चालेल, ही चौथी. यातल्या पहिल्या दोन भारतात गुन्हा आहेत. तिसरी ठरवून दिलेल्या रीतीनं कायदेशीर आहे. चौथीला कायद्यानं कधीच हरकत नव्हती, ती तर चांगली वैद्यकी आहे. तिसऱ्या गोष्टीला 'निष्क्रिय इच्छामरण' म्हणण्याची सवय न्यायालयांनीही लावली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं 2018 च्या आपल्या व्याख्यांमध्ये तो शब्दप्रयोग टाळावा असं म्हटलं, ते योग्यच होतं. आजारानं मरणाऱ्याला आजारानं मरू देणं आणि मारणं यांत फरक आहे. एकाच नावानं दोन्ही ओळखल्या की घाबरलेला डॉक्टर दोन्हींपासून लांब पळतो.

न्यायालयांचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. मुंबई उच्च न्यायालयानं 1986 साली आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं कलम 309 घटनाबाह्य ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी 1994 मध्ये तेच केलं. पण 1996 साली ग्यान कौर प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी तो निर्णय फिरवला. जगण्याच्या हक्कात मरणाचा हक्क येत नाही, मात्र मृत्यूची प्रक्रिया सुरू झाल्यावर सन्मानानं मरणं हा सन्मानानं जगण्याचाच भाग असू शकतो, असं त्यांनी म्हटलं. ती फट पुढं रुंद झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग 27 नोव्हेंबर 1973 च्या हल्ल्यानंतर जवळपास 42 वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांचे उपचार थांबवण्याची मागणी न्यायालयानं 7 मार्च 2011 रोजी फेटाळली. त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना त्या जगायला हव्या होत्या, आणि न्यायालयानं त्यांचाच शब्द मानला. त्याच निकालात, इतर रुग्णांच्या बाबतीत, उच्च न्यायालयाच्या परवानगीनं उपचार थांबवण्याची वाट मोकळी झाली. 'कॉमन कॉज' प्रकरणात 9 मार्च 2018 रोजी पाच न्यायमूर्तींनी जिवंतपणी लिहून ठेवण्याच्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली, आणि पाच वर्षं कुणालाच वापरता न आलेली किचकट रीत 24 जानेवारी 2023 रोजी सोपी केली.

सोपी म्हणजे किती, ते नीट पाहू. वय 18 पूर्ण असलेली, शुद्धीत असलेली कोणतीही व्यक्ती कुणाच्या दबावाविना असं इच्छापत्र लिहू शकते. नमुना ठरलेला नाही, स्टॅम्पपेपरची अट निकालात नाही. कोणत्या अवस्थेत कोणते उपचार नकोत हे स्पष्ट लिहावं लागतं. 'मला त्रास देऊ नका' असं मोघम लिहिलं तर आयसीयूत त्याचा उपयोग शून्य. 'बरं होण्याची शक्यता नाही असं डॉक्टरांच्या मंडळानं ठरवल्यास श्वासाची नळी, व्हेंटिलेटर, छाती दाबून हृदय सुरू करणं, डायलिसिस आणि नाकातल्या नळीतून अन्न नको. वेदना व धाप कमी करणारी औषधं मात्र द्यावीत' असं लिहिलं तर डॉक्टरच्या हाती काहीतरी लागतं. स्वतःला बोलता येणार नाही तेव्हा निर्णय कुणी घ्यायचा त्यांची नावं लिहायची, एकापेक्षा जास्त चालतात. दोन साक्षीदार, शक्यतो हितसंबंध नसलेले. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढं सही. पूर्वी त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडं जावं लागे. एक प्रत घरच्यांना, एक नेहमीच्या डॉक्टरांना आणि एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडं. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी हे अधिकारी नेमावेत म्हणून उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तेव्हा कुठं राज्यात नेमणुका हलल्या. आपल्या नगरपालिकेत तो अधिकारी कोण, हे आवक-जावक खिडकीवर विचारून पाहावं. खिडकीवरच्याला प्रश्न कळला तरी पुष्कळ.

प्रत्यक्ष वेळ आली की दोन मंडळं बसतात. पहिल्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले, तेवढ्याच अनुभवाचे आणखी दोन तज्ज्ञ. प्रत्येकानं शक्यतो 48 तासांत मत द्यायचं. दोन्ही मंडळांचं एकमत झालं की रुग्णालयानं अंमलबजावणीपूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं, परवानगीची वाट पाहायची नाही. मंडळानं नकार दिला तर उच्च न्यायालय आहे, आपल्यासाठी छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. इच्छापत्र नसलं तरी हीच वाट कुटुंबाच्या लेखी संमतीनं खुली आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. आणि शुद्धीत असलेल्या रुग्णाला तर मंडळाचीही गरज नाही. नळी नको म्हणण्याचा हक्क त्याचा त्यालाच आहे.

आता हे हिंगोलीत किंवा भूममध्ये मांडून पाहा. सहा डॉक्टर लागतात, पैकी चार अनुभवी तज्ज्ञ. दहा खाटांच्या खासगी आयसीयूत एक फिजिशियन आणि फोनवर येणारा भूलतज्ज्ञ असतो. निकालात म्हटलेला 'मुख्य वैद्यकीय अधिकारी' या नावाचं पद महाराष्ट्राच्या जिल्ह्यात नाही. इथं जिल्हा शल्यचिकित्सक आहे आणि जिल्हा परिषदेचा जिल्हा आरोग्य अधिकारी आहे. डॉक्टर नेमायचा कुणी, हे रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या डॉक्टरला ठाऊक नसेल तर 48 तास पत्रव्यवहारात जातात, आणि तेवढ्यात 'डामा'चा कागद पुढं सरकवणं सगळ्यांच्याच सोयीचं पडतं. त्यात आष्टीचा रुग्ण अहिल्यानगरला आणि उमरग्याचा सोलापूरला दाखल असतो, म्हणजे जिल्हाही बदलतो. कर्नाटकानं जानेवारी 2025 मध्ये परिपत्रक काढून दुसऱ्या मंडळासाठी डॉक्टर नेमण्याची रीत ठरवून दिली. उदगीर-निलंग्यापासून कर्नाटकची हद्द हाकेवर आहे, उदाहरण शोधायला लांब जावं लागणार नाही. प्रत्येक जिल्ह्यात तज्ज्ञांची तयार यादी, व्हिडिओ कॉलवर मत देण्याची सोय, आणि घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांवर ही जबाबदारी. एवढं केलं तरी गाडं हलेल.

कागद असूनही काय बिघडतं, तेही सांगायला हवं. इच्छापत्र कपाटात सातबाऱ्याच्या उताऱ्यांसोबत राहतं आणि दवाखान्यात त्याची आठवण चौथ्या दिवशी होते. दुसरं, पुण्याहून आलेला मुलगा. सहा महिने सेवा केलेली सून म्हणते, पुरे झालं आता. काल रात्रीच्या गाडीनं आलेला मुलगा म्हणतो, काहीही करा, पैशाकडं बघू नका. त्याचं प्रेम खोटं नसतं. त्याच्या अपराधी भावनेला व्हेंटिलेटरचा आवाज बरा वाटतो. डॉक्टर नेमके त्याच्याच आवाजाला भितात, कारण दवाखाना फुटला तर तोच फोडणार असतो. म्हणून निर्णय घेणाऱ्यांच्या यादीत जवळ राहणाऱ्याचं नाव आधी लिहावं, आणि लांबच्याला कागद फोनवर वाचून दाखवावा, तो निरोगी दिवसांतच. आयसीयूत दाखल करतानाच 'तीन दिवस सगळं करू, मग बसून बोलू' असं डॉक्टरांनी सांगितलं तर चौथ्या दिवसाचं भांडण निम्म्यावर येतं.

अन्नाचा प्रश्न मात्र सहज सुटत नाही. नळीतून जाणारं दूध-पेज हा उपचार की जेवण? इंग्लंडच्या न्यायालयानं 1993 साली ब्लँड प्रकरणात तो उपचार मानला. आपल्याकडं 'अन्नपाणी तोडलं' हे शब्द आयुष्यभर टोचतात. इथं शरीराचं शास्त्र सांगावं लागतं. मरणाच्या वाटेवरच्या माणसाची भूक शरीर स्वतःच बंद करतं. तो न खाल्ल्यानं मरत नसतो, मरत असतो म्हणून खात नसतो. आपल्याकडं अशा वेळी गावातल्या डॉक्टरला बोलावून 'एक बाटली तरी चढवा' म्हणतात. थकलेल्या हृदयाला आणि मूत्रपिंडाला ते पाणी झेपत नाही, पाय सुजतात, फुप्फुसात पाणी भरतं, घरघर आणि धाप वाढते. सलाइननं त्रास वाढवला हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण काहीतरी केल्याचं समाधान मिळालेलं असतं. त्यापेक्षा ओल्या कापसानं ओठ-जीभ पुसणं, चमच्यानं दोन थेंब, आणि घरघर लागली की कुशीवर वळवणं. तोंडात पाणी घालण्याच्या आपल्या रीतीला शास्त्रही मान डोलावतं.

आता मॉर्फीन. तंबाखू-गुटख्यानं झालेला तोंडाचा कर्करोग आपल्या भागाला नवा नाही. शेवटच्या टप्प्यात गालाला भोक पडतं, जखमेला वास येतो, अळ्या पडतात, आणि माणसाला गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं जातं. 'मला मारून टाका' हे वाक्य इथून येतं. ते ऐकून कायदा बदलण्याआधी दोन स्वस्त गोष्टी कराव्या लागतात. मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड जखमेवर टाकली की वास बराच उतरतो, आणि माणूस ओसरीवर परत येतो. दुसरी गोष्ट मॉर्फीनची तोंडानं घ्यायची गोळी. जागतिक आरोग्य संघटनेनं 1986 सालीच कर्करोगाच्या वेदनेसाठी तिची पायरी ठरवून दिली. साधारण 5 ते 10 मिलिग्रॅमनं सुरुवात होते, दर चार तासांनी, दुखो वा न दुखो, आणि डॉक्टर मात्रा वाढवत नेतात. मूत्रपिंड खराब असेल तर फार जपून. बद्धकोष्ठ होतोच, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. मळमळ आणि गुंगी दोन-चार दिवसांत ओसरते. चुकतं कुठं? चिठ्ठीवर 'दुखल्यास' असं लिहिलं जातं. घरचे 'आणखी दुखेल तेव्हासाठी' गोळ्या साठवून ठेवतात. सवय लागेल म्हणून रुग्णच अर्धी गोळी घेतो. सहा महिन्यांचा सोबती आणि त्याला व्यसनाची भीती! गोळी एकदम बंद केली की पुन्हा हाल. आणि सगळ्यात मोठा अडसर म्हणजे ती शेजारच्या मेडिकलमध्ये मिळत नाही.

मॉर्फीन ज्यापासून बनतं ती अफू कायदेशीरपणे पिकवणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे. मंदसौर-नीमचच्या शेतांतला चीक जगाला औषधासाठी जातो. पण 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर आपल्याच दवाखान्यांना पाच-पाच परवाने काढावे लागत, एकाची मुदत असली तर दुसऱ्याची संपलेली. 2014 च्या दुरुस्तीनं मॉर्फीनसह सहा औषधं 'अत्यावश्यक अमली औषधं' ठरली आणि राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता घेतलेल्या संस्थेला एकाच परवान्यावर ती ठेवता येऊ लागली. म्हणजे वाट मोकळी होऊन दशक उलटलं. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयानं ही मान्यता घ्यावी, एका डॉक्टरचं प्रशिक्षण करावं, कपाटाला दोन कुलपं आणि एक नोंदवही ठेवावी. खर्च एका व्हेंटिलेटरपेक्षा पुष्कळ कमी. केरळात 1993 साली कोझिकोडला सुरू झालेलं काम 2008 मध्ये राज्याचं धोरण बनलं, आणि आज पंचायतीची परिचारिका अंथरुणावरच्या रुग्णाच्या घरी जाते. आपल्याकडं आशाताईंना गावातला प्रत्येक अंथरुणाला खिळलेला माणूस ठाऊक असतो. तिच्या पिशवीत त्याच्यासाठी देण्याजोगं काही नसतं, एवढंच.

'डामा'चा कागदही बदलता येईल. जबाबदारी झटकणाऱ्या मजकुराऐवजी अर्धं पान: नळी दवाखान्यातच, औषध देऊन, कुटुंबासमोर काढली. घरी कोणती औषधं, किती वाजता. त्रास वाढला तर कोणत्या नंबरवर फोन. घरी मृत्यू झाल्यावर कारणाचा नमुना 4-अ कोणते डॉक्टर भरून देतील. हा शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण त्या दाखल्यावाचून पुढं वारसाची नोंद, विमा, पेन्शन सगळं लटकतं.

आता इंजेक्शनकडं येऊ, कारण वरचं सगळं झालं तरी काही माणसं उरतात. स्नायू एकेक करून निकामी करणाऱ्या आजारात बुद्धी लख्ख असते आणि गिळताही येत नाही. अशा माणसाची मागणी मॉर्फीननं भागत नाही, आणि 'तुम्हाला चांगली सेवा मिळाली की मरावंसं वाटणार नाही' हे त्याला ऐकवणं उद्धटपणाचं आहे. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात 1997 पासून डॉक्टरच्या चिठ्ठीवर मरणासाठीचं औषध मिळतं. तिथं ते मागणाऱ्यांच्या कारणांत वेदना वर नसते, परावलंबन वर असतं. मरणाला मदत करण्याचे कायदे नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये 2002 साली, कॅनडात 2016 साली लागू झाले. मिनू मसानी यांनी मुंबईत 1981 साली सन्मानानं मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली होती, म्हणजे ही मागणी आपल्याकडंही कालची नाही. परंपरेचा दाखलाही दिला जातो: पैठणला गोदावरीत जलसमाधी घेणारे एकनाथ, 1982 साली पवनारला अन्न-औषध सोडणारे विनोबा. पण त्या मरणांत दुसऱ्याचा हात नव्हता. डॉक्टरच्या हातात इंजेक्शन दिलं की ती सरकारची कृती होते. आज भारतीय न्याय संहितेत, मरणाऱ्या प्रौढाची संमती असली तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरू शकतो, गुन्हा मात्र राहतो. औषध पुरवणाऱ्याला कलम 108 खाली दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

विरोधाचं कारण धर्मात शोधायची गरज नाही, ते बीडच्या ऊसतोड मजुरांच्या फडात आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते, उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, आधीच खर्च झालेली असते. घरात अंथरुणावरची सासू असेल तर सुनेला थांबावं लागतं, कोयता अर्धा होतो आणि उचल फिटत नाही. त्या म्हातारीला डॉक्टरनं विचारलं, 'आजी, सुटका हवी का?' ती काय म्हणेल? 'देवानं उचलावं, कुणाला करायला लागू नये' हे वाक्य आपल्याकडच्या म्हाताऱ्या रोजच म्हणतात. कधी ते खरं असतं, कधी चहा द्या एवढाच त्याचा अर्थ असतो. मराठवाड्याच्या ज्या आठ जिल्ह्यांत विभागीय आयुक्तालयाच्या नोंदीनुसार 2023 या एका वर्षात 1088 शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या, तिथं 'मी ओझं झालोय' हे वाक्य आजाराचं आहे की कर्जाचं, हे ओळखणारा माणूस खाटेजवळ हवा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 आत्महत्येच्या प्रयत्नामागं तीव्र ताण गृहीत धरतं आणि सरकारवर काळजीची जबाबदारी टाकतं. तेच गृहीतक अंथरुणावरून आलेल्या मागणीलाही पहिल्या दिवशी लावायला हवं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर तिथंही उपयोगी पडतो.

ओरेगॉनच्या मूळ कायद्यात रुग्णाच्या दोन तोंडी विनंत्यांमध्ये 15 दिवसांचं अंतर ठेवलेलं आहे. मन बदलायला तिथं तेवढं पुरत असेल. आपल्याकडं असा कायदा पुढंमागं झालाच, तर आजाराला सवड असेल तिथं ते अंतर एका हंगामाचं ठेवावं लागेल. म्हातारीला एकटीला, सुनेला ओसरीवर पाठवून, मॉर्फीनची गोळी नीट लागू पडल्यावर दिवाळीत विचारायचं, आणि गुढीपाडव्याला कोयते गावात परतल्यावर तोच प्रश्न पुन्हा.